वरूडचा बगीचा, पातूरची विहीर

अकोला

वऱ्हाडात निघालेल्या माणसाला सगळे उन्हाळ्याची भीती घालतात. मी गेले ती जानेवारीत. अकोला स्टेशनावर सकाळी उतरले तेव्हा लोक मफलर गुंडाळून चहा पीत होते आणि माझ्या पाठीला घाम फुटला होता. पोटाशी धरलेल्या पिशवीत एक हार्ड डिस्क होती. रात्रभर मी ती उशाशीसुद्धा ठेवली नव्हती. समोरच्या बाकावरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "बाई, दागिने हायेत का त्याच्यात?" मी नाही म्हटलं, तर त्यांनी मान हलवली आणि आपली पिशवीही जवळ ओढून घेतली.

दागिने नव्हते. एक तास बारा मिनिटांची फिल्म होती.

मी मूळची अकोल्याचीच. वडील गणिताचे मास्तर. चोविसाव्या वर्षी टोरांटोला फिल्मचं शिकायला गेले ती तिकडचीच झाले. शिकले दिग्दर्शन, पण पहिली नोकरी मिळाली ती लग्नाचे व्हिडिओ कापायची. पंजाबी, गुजराती, तमिळ, सगळ्यांची लग्नं मी कापली. धंद्यातली पहिली खुबी तिथंच शिकले: पाठवणीच्या वेळी रडणारी आई उचलून आधीच फेऱ्यांच्या वेळी लावली, की लग्नाला रंग चढतो. एकाही आईची कधी तक्रार आली नाही. पुढं माहितीपटांची संकलक झाले आणि अठरा वर्षं दुसऱ्यांच्या फिल्म जोडल्या. संकलकाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा लोक उठून कोटाच्या बाह्या शोधत असतात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःची फिल्म करायची संधी आली. पैसे देणारे म्हणाले, तुमच्या भागातलं करा, पाण्यावाचून मरणाऱ्या शेतीचं काहीतरी. मी मान डोलावली. मी जन्मात विळा हातात धरला नव्हता, पण जन्मगाव वऱ्हाडातलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी वरूडला वासुदेवभाऊ नावाच्या संत्रा बागाईतदारांकडं सहा दिवस चित्रण केलं आणि टोरांटोच्या तळघरात बसून 'कोरडी बाग' जोडली. एका मोठ्या महोत्सवानं ती घेतली. अट एकच होती. वासुदेवभाऊंनी पूर्ण फिल्म पाहायची, संमतीपत्रावर सही करायची, आणि तो कागद दहा दिवसांत तिकडं पोचायचा. सही नाही तर फिल्म नाही. मग मी पुन्हा दुसऱ्यांच्या खुर्चीत.

इतकी वर्षं मी अंधाऱ्या खोलीत बसून माणसांना पाहिलं. ज्याला पाहिलं त्याच्यासमोर जाऊन बसायची ही पहिलीच वेळ होती. त्या विचारानं अकोल्यातला माझा सबंध दिवस वाया गेला. वडिलांच्या शाळेवरून गेले, मोर्णा नदीच्या पुलावर उभी राहिले, पण लक्ष सगळं पिशवीत. भाजीवालीकडं उगाच कोथिंबीर मागितली. ती म्हणाली, "सांबार म्हना ना बाई, पुन्याच्या हाय का तुमी?" अकोल्याच्या पोरीला अकोल्यात पुण्याची ठरवलं. एरवी हसले असते, त्या दिवशी रडू यायचं बाकी होतं.

पातूर

दुसऱ्या दिवशी पातूरला मामाकडं गेले. एसटीत एका काकांनी तुरीच्या शेंगांचं पोतं माझ्या पिशवीवर टेकवलं आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की कंडक्टरनं बेल मारली. काकांनी बिचाऱ्यांनी पोतं मांडीवर घेतलं आणि उतरताना मला ओंजळभर शेंगा देऊन गेले. टोरांटोत कुणावर असं ओरडलं तर तो माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो.

गावाजवळच्या टेकडीत जुनी लेणी आहेत. मामा मला लहानपणी तिथं न्यायचा. दिनकरमामा आता पंच्याहत्तरीचा, पण जीभ तशीच. मी दारात दिसताच म्हणाला, "आली का वं नलू! मले वाटलं, विमानात झोपली अन् पुढं निघून गेली."

मामीनं सोलेभात केला होता, ओल्या तुरीच्या दाण्यांचा, वरून तेलाची धार. दोन घास खाल्ले आणि हात थांबला. वरूडच्या आधी घरच्या माणसाला फिल्म दाखवून पाहावी, म्हणजे धीर येईल असं वाटलं. ओसरीवर लॅपटॉप मांडला. मामा चष्मा पुसून मांडी घालून बसला. वीस मिनिटं अगदी शहाण्यासारखं पाहिलं. मग एकदम हात वर केला.

"थांबव, थांबव. ही इहीर तं माही हाय!"

"हो मामा. मागं मे महिन्यात आले होते ना, तेव्हा घेतली होती."

"पन बगीचा तं वरूडचा म्हनते तू."

"हो."

"मंग माही इहीर तठी काहून गेली?"

मी त्याला समजावलं. दोन ठिकाणची चित्रं जोडून एक अर्थ तयार होतो, सिनेमात असं करतातच, पाहणाऱ्याच्या मनावर काय ठसतं ते महत्त्वाचं. मामानं सगळं ऐकून घेतलं.

"मे मैन्यात ती दरसाल आटते," तो म्हणाला. "मिरगाचा पाऊस आला का भरते. हे कुठी सांगतलं तू त्याच्यात?"

मी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"त्या वरूडवाल्याले मालूम हाय का, माही इहीर त्याच्या वावरात गेली म्हनून?"

"नाही."

"मंग सांभाळून जाजो. कोनाच्या वावरात दुसऱ्याची कोरडी इहीर नेऊन ठेवनं चांगलं नाई, बाई."

दुपारी तो मला वावरात घेऊन गेला. विहिरीत अर्ध्यावर पाणी होतं, हिरवंगार, त्यात एक कावळा आपलं तोंड पाहत होता. मी मनात हिशेब केला: विहिरीचं चित्र चौदा सेकंदांचं. काढायचं म्हटलं तर आवाज, संगीत, सगळं पुन्हा बसवावं लागणार, आणि तेवढे दिवस हातात नव्हते. चौदा सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं, असं मी मनाशी म्हणत राहिले.

अमरावती

अमरावतीला मी फक्त गाडी बदलायला थांबणार होते. पण अमरावतीत येऊन गिला वडा न खाता पुढं जाणं म्हणजे पाप, असं आमच्या घरी मानायचे. उभ्या उभ्याच खाल्ला. मऊ वडा, वर दही, आणि डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. ती चटणी पिशवीतून डोकावणाऱ्या संमतीपत्रावर सांडली. नेमकी सहीच्या जागेवर.

घाबरून झेरॉक्सचं दुकान शोधलं. चांगली प्रत मोबाइलवर होती, तीच छापून घेतली. दुकानदार टक्कल पडलेला, पन्नाशीचा गृहस्थ. कागद यंत्रातून निघत असताना त्यानं तो वाचून काढला. तिकडं कुणी दुसऱ्याचा कागद वाचत नाही, निदान वाचताना दिसत नाही. इथं मोठ्यानं वाचतात.

"'जगात कुठेही, कायमचे, कोणत्याही माध्यमात.' बापा! हे कोन लिहून देनार हाय, म्याडम?"

"एक बागाईतदार आहेत."

"त्यायनं वाचलं का?"

"अजून नाही."

"वाचू नका देऊ," तो प्रत माझ्या हातात देत म्हणाला. "वाचलं तं जेवन जानार नाई त्याले."

मोर्शीच्या रस्त्यानं वरूडकडं जाताना मी तो कागद चारदा काढला आणि चारदा घडी घालून ठेवला.

वरूड

वरूड जवळ आलं की आधी वास येतो. रस्त्याच्या कडेला शेडमधून संत्र्याचे ढीग, फळं निवडणाऱ्या बाया, क्रेट रचलेले ट्रक, आणि त्या सगळ्यावर सालीचा तो तिखट-गोड वास. फळांचा हा मोसम संपत आला होता.

वासुदेवभाऊंच्या बागेशी उतरले आणि झाडं पाहिली. दोन वर्षांपूर्वीसारखीच. पानं मलूल, कडा आत वळलेल्या, रंग उतरलेला, बुंध्याशी गळलेल्या पानांचा सडा. आणि लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. म्हटलं, फिल्म खरी आहे. बाग खरंच वाळते आहे. त्या माणसाचं नुकसान पाहून मी सुटकेचा श्वास टाकला, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

वासुदेवभाऊ पंचावन्नचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या पत्नी शोभाताई बारीक, झपाझप चालणाऱ्या. बागेलाच लागून त्यांचं घर आहे.

"या ताई, या. लय दिवसानं. पयले पानी घ्या," भाऊ म्हणाले. पाणी पिऊन होतं न होतं तोच, "कागद कुठी हाय? आना."

"भाऊ, आधी फिल्म पाहा. मग सही."

"तुमी एवढ्या दुरून आल्या. तुमच्यावर का इस्वास नाई का आमचा? आना इकडं."

आणि त्यांनी एक अक्षर न वाचता सही ठोकली. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं दोन मिनिटांत, बाजेवर, पाण्याच्या तांब्याशेजारी झालं. कागद घेऊन तिथूनच मागं फिरले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं.

जेवणात रोडगे होते, वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा फोडून शोभाताईंनी त्यात तूप ओतलं. भाऊंना कॅनडाचं भारी कुतूहल. "तिकडं बर्फ पडते म्हनतात. मंग झाडं मरत नाईत का?"

"नाही. पानं गाळून उभी राहतात. पाच-पाच महिने नुसते खराटे. वसंतात पुन्हा पालवी फुटते."

"शहानी हायेत," भाऊ म्हणाले.

जेवणानंतर पुढच्या खोलीतल्या टीव्हीला डिस्क जोडली. फिल्मचं निवेदन इंग्रजीत, माझ्याच आवाजात. भाऊंना आणि शोभाताईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. आपणच लिहिलेलं आपल्याच तोंडानं, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला सांगायचं. दोघं मात्र खुशीत होते. स्वतःचा बैल दिसला, शेजारी दिसला, की हसत होते.

मग ती जागा आली. पडद्यावर भाऊ झाडासमोर उभे. एक पान दोन बोटांत धरून चोळतात. मग कोरडी विहीर, तळाशी तडकलेला चिखल. मग पुन्हा भाऊंचा चेहरा, एकटक, गप्प. त्यावर माझा आवाज: हे झाड आता जगणार नाही, हे त्याला कळलं आहे. वडिलांनी लावलेली बाग तो डोळ्यांदेखत मरताना पाहतो आहे, आणि त्याच्याकडं द्यायला पाणी नाही.

महोत्सवाच्या निवड समितीतली एक बाई याच जागी रडली होती म्हणे.

मी म्हटलं, "शेतकरी झाडाकडं पाहतो आहे, असं आहे इथं."

शोभाताईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. "एवढ्या लांब इंग्रजीचं एवढंच मराठी?"

फिल्म पुढं चालली होती. सही पिशवीत होती. मी रिमोट घेतला, चित्र थांबवलं, आणि खाली मान घालून खरं वाक्य सांगितलं. सगळंच.



"काहून नाई जगनार?" भाऊंनी विचारलं. रागानं नाही. खरोखर कळलं नाही म्हणून.

"पानं गळत होती. तुम्ही असे उभे होता. मला वाटलं..."

"ताई, पानी मीच तोडलं होतं. बगीचा ताणावर सोडला होता." ते सरकून पुढं बसले. "दीड-दोन मैने झाडाले पानी द्याचं नाई. पान सुकू द्याचं, थोडं गळू द्याचं. झाडाले तहान लागल्याबिगर फूल येत नाई. मंग येक दिवस पानी सोडाचं, का बहार फुटला. दरसाल करतो. माहा बाप करे. आताबी तेच चालू हाय, बाहेर पाहा ना."

"मग तुम्ही तिथं काय पाहत होता?"

"हेच का आज पानी सोडाव का आनखी चार दिवस थांबाव. लवकर सोडलं तं फूल कमी, उशीर झाला तं झाड हातचं जाते. तठी बोलून कसं चालन? ध्यान लागते त्याले."

अठरा वर्षं चेहरे वाचून मी पोट भरलं होतं, आणि हा चेहरा मला वाचता आला नाही. सहा दिवसांत मी एकदाही विचारलं नाही, की भाऊ, झाडं अशी का झाली? विचारायची गरजच वाटली नाही, कारण उत्तर मी टोरांटोहून सोबत घेऊन आले होते.

"तुमच्या तिकडं पान गळलेल्या झाडाले कोनी मेलं म्हनत नाई," भाऊ म्हणाले. "मंग आमचंच काहून मेलं?"

मी रिमोटनं चित्र मागं नेलं, ते विहिरीशी थांबलं.

"अन् ही इहीर कोनाची?"

"माझ्या मामाची. पातूरची."

भाऊंना आधी हसूच आलं. "वरूडात पातूरची इहीर!" मग ते हसू मावळलं. शोभाताई मात्र हसल्याच नव्हत्या. "पोरगी यंदाच दिली आमी," त्या म्हणाल्या. "तिच्या सासरचे पाहतीन हे. म्हनतीन, बगीचा बसला यांचा, अन् आपल्याले सांगतलं नाई. तिनं काय सांगाव तठी?"

मी पिशवीतून कागद काढला. "भाऊ, ही सही परत घ्या."

"सही मी मांगून घेनार नाई," ते म्हणाले. "जबान देऊन बसलो मी. आता तुमचं तुमी पाहा." आणि उठून बागेत निघून गेले. रागावले असते, दोन शब्द सुनावले असते, तर मला सोपं झालं असतं.

संध्याकाळी गच्चीवरून आमच्या निर्मातीला, कॅथरिनला, फोन केला. तिकडं सकाळ होती. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, सही आहे ना? मग तुला काय छळतंय? तिथं कोण पाहणार आहे ही फिल्म? आता काही बदललंस तर मुदत चुकेल, आणि अशी संधी आपल्या वयात पुन्हा येत नाही. 'आपल्या' म्हणाली, पण अर्थ 'तुझ्या' असा होता, आणि ती खोटं बोलत नव्हती. खाली शोभाताई तुरीच्या शेंगा उकडत होत्या. मी फोन ठेवला.

खाली आले आणि शोभाताईंच्या समोर तो कागद फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडता काहून?" त्यांनी तो काढून घेतला. "मागून कोरा हाय. कामात येईन." घडी घालून डब्याखाली ठेवला, आणि शेंगांचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

भाऊ बागेतून आले, त्यांना सगळं कळलं. मिशीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "परवा पानी सोडून राहिलो. थांबजा."

थांबले. कागद वेळेत तिकडं पोचायची शक्यता त्या दोन दिवसांतच गेली. ते दोन दिवस मी नीट जेवले नाही, खोटं कशाला सांगू. फोन वाजला की दचकायचे. पण तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मोटर सुरू केली आणि पाणी दांडानं, त्या मातीच्या चरातून, पळत पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं. तडकलेल्या काळ्या मातीनं ते असं गटकलं की चर्र आवाज आला. "पयलं पानी हलकं द्या लागते," भाऊ ओरडून सांगत होते, "उपाशी मानसाले येकदम जेवू घालत नाईत!" मी चित्रण करत होते. या खेपेला प्रत्येक गोष्ट विचारून.

निघताना ते म्हणाले, "नवीन करा. पाहू. मंग सही. पन आता पाहूनच."

परत, टोरांटो

महोत्सवात माझ्या जागी दुसरी फिल्म गेली. कॅथरिन महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी दिवसा दुसऱ्यांच्या फिल्म जोडते आणि सुट्टीच्या दिवशी माझी. मामाची विहीर काढली. नाव बदललं. निवेदनातली अकरा वाक्यं पुसली आणि तिथं भाऊंचा आवाज बसवला. मग ती नव्या संमतीपत्रासकट वरूडला पाठवली आणि वाट पाहत बसले. एक आठवडा गेला, उत्तर नाही. दुसरा गेला. मी दर तासाला फोन पाहत होते. त्या आठवड्यांपुढं महोत्सवाची वाट पाहणं काहीच नव्हतं.

मग एका सकाळी शोभाताईंचा व्हिडिओ आला. बाहेर बर्फ, खिडकीतलं मेपलचं झाड खराटा होऊन उभं. पडद्यावर संत्र्याचं झाड पांढऱ्या फुलांनी इतकं लगडलेलं की पान दिसेना. मधमाश्यांची गुणगुण. हात हलतो, चित्र खाली जातं, शोभाताईंच्या चपला दिसतात, मग बांध, मग एक विहीर. आत पाणी. मागून भाऊंचा आवाज, "सही केली म्हना, कागद टपालात टाकला." आणि मग शोभाताई, फोनच्या अगदी जवळ तोंड आणून:

"ताई, तपासून घ्या बरं. झाड आमचं हाय. अन् इहीर बी आमचीच हाय."

तो व्हिडिओ मी फिल्मच्या शेवटी जसाच्या तसा लावला, चपलांसकट. भाऊंना विचारून. कॅथरिन म्हणते, शेवट ढिला पडतो. पडू दे.